एफआययूची नोंदणी म्हणजे परवाना नव्हे: क्रिप्टो कंपन्यांवरचे मनी लाँडरिंगविरोधी नियम प्रत्यक्षात कसे चालतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: रुपये देऊन बिटकॉइन, यूएसडीटी (डॉलरशी भाव बांधलेले नाणे) वगैरे घेता-विकता येईल असा छोटा मंच भारतात सुरू करायचा आहे. एफआययूकडे नोंदणी झाली म्हणजे सरकारी परवाना मिळाला असे समजायचे का? आणि नोंदणीनंतर मनी लाँडरिंग रोखण्यासाठी रोजच्या कामात नेमके काय करावे लागते?

पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात: नाही. क्रिप्टो कंपनीला परवाना देणारा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नाही. तसे एक विधेयक २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत होते, पण ते मांडलेच गेले नाही. एफआययू-इंडिया, म्हणजे दिल्लीतला वित्तीय गुप्तवार्ता कक्ष, देतो ती नोंदणी वेगळ्या जातीची आहे. तिचा अर्थ इतकाच, की मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२, म्हणजे पीएमएलए, याखाली ग्राहक ओळखण्याची, व्यवहारांवर नजर ठेवण्याची आणि संशय आला की कळवण्याची जबाबदारी तुमच्या कंपनीवर आहे आणि ती कंपनीला ठाऊक आहे. ग्राहकाचे पैसे बुडाले तर भरपाई मिळेल का, नाणे चांगले की भंगार, भाव खरा की फुगवलेला, यातले काहीच या नोंदणीत येत नाही. 'एफआययू नोंदणीकृत, म्हणून सुरक्षित' अशी जाहिरात त्यामुळे सरळसरळ दिशाभूल ठरते. ती करू नका.

ही व्यवस्था इथवर कशी आली ते दोन मिनिटांत पाहू, कारण तिचे कच्चे दुवे त्या प्रवासातच आहेत. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो कंपन्यांशी संबंध ठेवायला मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने 'आभासी डिजिटल मालमत्ता' अशी व्याख्या प्राप्तिकर कायद्यात घातली, नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस लावला. म्हणजे कर आला, पण गैरव्यवहार कळवण्याचे बंधन आलेच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये झटपट कर्ज देणाऱ्या अॅपच्या तपासात ईडीने एका मोठ्या एक्स्चेंजची ६४.६७ कोटी रुपयांची बँक शिल्लक गोठवली आणि पुढच्या महिन्यात मोकळी केली. त्या वेळी खरा मुद्दा हाच होता, की अशा कंपनीने ग्राहकाची किती माहिती ठेवायची हे कायद्यात कुठेच लिहिलेले नव्हते. पुणेकरांना याची झळ आधीच बसली होती. दरमहा १० टक्के बिटकॉइन परतावा, तोही १८ महिने, अशा आमिषावर चाललेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात पुणे पोलिसांकडे तक्रारी आल्या, तेव्हा नाणी कोणत्या वॉलेटमधून, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल पाकिटातून, कुठे गेली हे शोधायला कायद्याने ठेवलेल्या नोंदीच हाताशी नव्हत्या.

७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने ही फट बुजवली. पाच कामे पीएमएलएखाली आली: क्रिप्टो आणि चलन यांची अदलाबदल, एका क्रिप्टोची दुसऱ्याशी अदलाबदल, क्रिप्टोचे हस्तांतरण, क्रिप्टो किंवा त्यावर ताबा देणारी साधने सांभाळणे, आणि नवे नाणे विक्रीला काढणाऱ्याला त्या विक्रीसाठी वित्तीय सेवा देणे. तीनच दिवसांनी, १० मार्चला, एफआययूने तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वे काढली.

या अधिसूचनेतले एक वाक्य नीट वाचले जात नाही. ही कामे दुसऱ्यासाठी किंवा दुसऱ्याच्या वतीने, आणि व्यवसाय म्हणून केली तरच ती कक्षेत येतात. स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी बिटकॉइन घेणारा माणूस यात येत नाही. पण टेलिग्रामवर 'यूएसडीटी घ्या-द्या' असा ग्रुप चालवून कमिशनवर दहा जणांना नाणी मिळवून देणारा येतो, मग त्याची कंपनी असो वा नसो, ऑफिस असो वा घराची बैठकीची खोली. 'आम्ही एक्स्चेंज नाही, फक्त मध्यस्थ आहोत' हा बचाव इथे टिकत नाही. शिवाय असे लोक बऱ्याचदा रोखीत व्यवहार करतात, आणि प्राप्तिकर कायद्यात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला मुळातच मनाई आहे. म्हणजे एका व्यवहारात दोन कायदे मोडतात.

आता कामाचे बोलू. नोंदणी एफआययूच्या फिनगेट पोर्टलवर होते. त्याआधी दोन नेमणुका लागतात. एक पदनिर्देशित संचालक, जो संचालक मंडळाच्या पातळीवर अनुपालनाची जबाबदारी घेतो. दुसरा प्रधान अधिकारी, जो प्रत्यक्ष अहवाल पाठवतो. हा दुसरा माणूस व्यवस्थापनाच्या पातळीवरचा असला पाहिजे असे नियमच सांगतात, आणि त्याला कारण आहे. छोट्या कंपन्या हमखास इथे चुकतात: नुकत्याच लागलेल्या मुलाला प्रधान अधिकारी करतात, आणि मोठ्या ग्राहकाचे खाते थांबवायची वेळ आली की विक्री विभागापुढे त्याचे काही चालत नाही. ज्याच्या एका शब्दावर विड्रॉवल थांबते, असाच माणूस या खुर्चीत हवा. याशिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून सायबर सुरक्षेचे ऑडिट, लेखी धोरण, स्वतःच्या व्यवसायातल्या जोखमीचे लेखी मूल्यमापन आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हेही लागते. जोखीम मूल्यमापन दुसऱ्याचे उचलून नाव बदलू नका. तुमच्या मंचावर फ्युचर्स नसताना कागदात फ्युचर्सच्या जोखमीची चार पाने असतील, तर तपासणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते की हे कोणी वाचलेलेसुद्धा नाही.

ओळख पडताळणीत जानेवारी २०२६ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी बरेच कडक केले आहे. पॅन हवाच, सोबत आधार, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रासारखे दुसरे ओळखपत्र हवे. मोबाइल आणि ईमेल ओटीपीने तपासायचे. सेल्फी जिवंत माणसाची आहे हे डोळ्यांची उघडझाप किंवा मान वळवणे टिपून सिद्ध करायचे. खाते उघडताना अक्षांश-रेखांश, वेळ आणि आयपी पत्ता नोंदवायचा. बँक खाते ग्राहकाचेच आहे हे पाहायला त्यात एक रुपया पाठवायचा, ज्याला सगळे पेनी ड्रॉप म्हणतात. जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी सहा महिन्यांनी, बाकीच्यांची वर्षाने ताजी करायची.

पेनी ड्रॉपला बँकेकडून खातेदाराचे नाव परत येते, आणि इथे मराठी नावांची स्वतःची अडचण आहे. पॅनवर आडनाव शेवटी, बँकेत आडनाव आधी. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. लग्नानंतर बाईचे बँक खाते सासरच्या नावाने आणि पॅन माहेरच्या नावाने असणे तर घरोघरी आहे. संगणकाला नावांच्या जुळणीची टक्केवारी ठरवून दिली आणि सगळे त्याच्यावर सोडले, की एक तर शेकडो खऱ्या बायका नाकारल्या जातात, नाही तर आकडा इतका खाली आणला जातो की 'एस. पाटील' म्हणून कोणीही आत येतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: शब्दांचा क्रम सोडून जुळवा, मधल्या पट्ट्यातली प्रकरणे माणसाने पाहावीत, आणि नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र मागावे. नाकारलेल्या प्रत्येक प्रकरणाचे कारण एका ओळीत लिहून ठेवा.

कंपनी ग्राहक असेल तर तिच्या मागचा खरा मालक शोधायचा. मार्च २०२३ पासून कंपनीत १० टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेली व्यक्ती 'लाभार्थी मालक' धरली जाते, पूर्वी ही मर्यादा २५ टक्के होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध याद्यांशी नावे ताडून पाहणे हे बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याच्या कलम ५१ए खाली वेगळे बंधन आहे. ते खाते उघडताना एकदा करून संपत नाही, यादी बदलली की सगळे ग्राहक पुन्हा ताडायचे.

खरे काम सुरू होते ते यानंतर. दोन नमुने डोळ्यांसमोर ठेवा, कारण रोज येणाऱ्या अलर्टपैकी, म्हणजे यंत्रणेने दिलेल्या इशाऱ्यांपैकी, बरेचसे या दोनपैकी एका घरात बसतात, आणि दोन्हींशी वागण्याची रीत अगदी उलट आहे.

पहिला: साठी ओलांडलेले गृहस्थ, उत्पन्नाच्या रकान्यात पेन्शन. सोमवारी खाते उघडले. मंगळवारी ११ वाजून २ मिनिटांनी साडेनऊ लाख आरटीजीएसने आले. ११:०९ ला सगळ्याचे यूएसडीटी घेतले. ११:१४ ला नवा बाहेरचा पत्ता, म्हणजे नाणी पाठवायच्या वॉलेटचा क्रमांक, जोडला. ११:१६ ला सगळे विड्रॉवलला लावले. भाव पाहिला नाही, दुसरे नाणे उघडून पाहिले नाही, थोडी रक्कम पाठवून चाचणी घेतली नाही. फोनवर स्क्रीन शेअरिंग चालू असल्याची खूण आहे. हा गुन्हेगार नाही, हा बळी आहे. 'डिजिटल अरेस्ट'वाला किंवा खोट्या गुंतवणुकीवाला पलीकडच्या फोनवर बसून त्यांना एकेक बटण दाबायला सांगत असण्याची दाट शक्यता आहे. इथे मिनिटांचा हिशेब असतो, कारण नाणी साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेन या सार्वजनिक नोंदवहीवर, गेली की परत बोलावता येत नाहीत. म्हणून नव्याने जोडलेल्या पत्त्यावर पहिले विड्रॉवल २४ तास थांबवून ठेवणे ही साधी व्यवस्था माझ्या मते कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त लोकांची आयुष्यभराची पुंजी वाचवते. फोन करताना 'तुमच्यावर कोणी दबाव आणतंय का?' असे विचारू नका. त्याचे उत्तर 'नाही' असे पढवलेले असते. 'पैसे ज्यांना पाठवताय ते तुम्हाला प्रत्यक्ष भेटलेत का काका? कधी, कुठे?' असे विचारा. पढवलेल्या माणसाची गाडी इथे अडते. मग १९३० या हेल्पलाइनचा नंबर द्या आणि घरातल्या कोणाशी तरी बोलायला सांगा.

दुसरा: बावीस वर्षांचा मुलगा, विद्यार्थी. पैसे त्याच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यातूनच येतात, त्यामुळे 'दुसऱ्याच्या खात्यातून जमा नको' हा नियम तो मोडत नाही. हे भाड्याने दिलेले खाते, म्यूल. फसवणुकीचे पैसे आधी त्याच्या बँक खात्यात तुकड्यांनी गोळा होतात आणि तिथून तुमच्याकडे 'स्वच्छ' दिसत येतात. एकेकटे पाहिले तर खाते निरुपद्रवी वाटते, शेजारी शेजारी ठेवले की उघडे पडते. रोज रात्री शिल्लक शून्य. सात खात्यांची विड्रॉवले एकाच पत्त्यावर. चार खाती एकाच हँडसेटवर. अक्षांश-रेखांश एकाच इमारतीचे, आणि सेल्फी उघडून पाहिली तर त्यांतल्या पाच जणांच्या मागे तोच निळा पडदा. म्हणून अलर्ट पाहणाऱ्याला फक्त व्यवहारांची यादी देऊ नका, सेल्फीचे मूळ चित्र आणि डिव्हाइसची नोंद त्याच पडद्यावर दिसली पाहिजे.

साखळीवर माग काढताना दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे हॉट वॉलेट, म्हणजे एक्स्चेंजचे रोजच्या देवाणघेवाणीचे सामायिक वॉलेट, ओलांडून पुढे जाणे. ग्राहकाने नाणी पाठवली, ती दुसऱ्या एक्स्चेंजच्या ठेव-पत्त्यावर गेली, तिथून त्या एक्स्चेंजच्या सामायिक वॉलेटमध्ये. तिथे हजारो लोकांची नाणी एकत्र होतात. त्यानंतर बाहेर पडलेल्या व्यवहाराचा तुमच्या ग्राहकाशी काहीही संबंध नसतो, तरी सॉफ्टवेअर बाण काढत राहते आणि नवखा विश्लेषक भलत्याच माणसापर्यंत पोहोचतो. माग तिथे थांबवायचा आणि पुढचे त्या एक्स्चेंजच्या नोंदीतून मिळेल असे लिहायचे. दुसरी चूक म्हणजे पत्ता एकदाच तपासणे. आज स्वच्छ दिसणारा पत्ता दोन-तीन आठवड्यांनी फसवणुकीच्या टोळीचा म्हणून ओळखला जातो, कारण बळी तक्रार करतात, पोलिस माहिती देतात, आणि मगच विश्लेषण कंपन्यांच्या याद्यांत त्याला खूण लागते. म्हणून मागच्या किमान तीन महिन्यांची विड्रॉवले ताज्या यादीशी पुन्हा ताडणारी प्रक्रिया रोज रात्री चालवा. ही नसलेल्या मंचाला आपल्याकडून काय गेले ते पोलिसांच्या पत्रातूनच कळते.

मिक्सर (अनेकांची नाणी मिसळून माग पुसणारी सेवा) आणि माग लपवणारी नाणी यांची सोय मंचावर ठेवू नये, हे तर मार्गदर्शक तत्त्वांतच आहे.

आता एसटीआर, म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा अहवाल. दहा लाखांवरच्या रोखीचे अहवाल पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचे असतात, पण क्रिप्टो मंचावर रोख जवळपास नसतेच, त्यामुळे सगळा भार एसटीआरवर. त्याला रकमेची खालची मर्यादा नाही. पाचशे रुपयांचा व्यवहारही संशयास्पद असू शकतो, आणि होऊ घातलेला, अर्ध्यात थांबलेला व्यवहारही कळवायचा असतो. संशय पक्का झाला की तत्काळ पाठवायचा, महिनाअखेरीला गठ्ठ्याने नाही.

अहवालाची किंमत 'संशयाचे कारण' या रकान्यावर ठरते. 'व्यवहार ग्राहकाच्या प्रोफाइलशी विसंगत आढळले' एवढेच लिहिलेला एसटीआर कोणाच्याही कामाचा नाही. नमुन्यादाखल असे लिहा: 'ग्राहक विद्यार्थी, सांगितलेले वार्षिक उत्पन्न दोन लाख. खाते उघडल्यापासून १९ दिवसांत ४३ जमा, एकूण ३८ लाख ६० हजार. प्रत्येक जमेनंतर दहा मिनिटांच्या आत यूएसडीटी खरेदी, आणि त्याच दिवशी ट्रॉन साखळीवरच्या एकाच पत्त्यावर विड्रॉवल. याच पत्त्यावर आमच्या आणखी सहा ग्राहकांनी नाणी पाठवली, त्यांतल्या चौघांचा हँडसेट एकच. विचारणा केली असता ग्राहकाने मित्राचे पैसे असल्याचे सांगितले, मित्राचे नाव दिले नाही.' सोबत पूर्ण पत्ता, व्यवहारांचे हॅश (साखळीवरचे व्यवहार क्रमांक), साखळीचे नाव. ट्रॉनचा पत्ता 'टी' या रोमन अक्षराने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. त्यातले एक अक्षर हाताने चुकीचे टाइप झाले, तर पुढचा सगळा तपास तिथेच खुंटतो. कॉपी-पेस्टच करा, आणि इथे मोठी-लहान लिपी बदलून चालत नाही हेही लक्षात ठेवा. साखळीचे नाव वगळण्याची चूकही तितकीच महाग पडते: इथेरियमचा आणि तिच्यासारख्या डझनभर साखळ्यांचा पत्ता अक्षरशः एकसारखा दिसतो.

अहवाल दिल्याचे ग्राहकाला कळता कामा नये. एसटीआर पाठवला की त्याच संध्याकाळी 'संशयास्पद हालचालीमुळे आपले खाते बंद करण्यात येत आहे' असा आपोआप जाणारा मेल म्हणजे आरोपीला दिलेली आगाऊ सूचना. ग्राहकसेवेच्या साच्यातली अशी वाक्ये आधीच काढून टाका. सेवा कक्षातल्या मुलांना पडद्यावर एसटीआरचा उल्लेखच दिसू नये. जास्त कागद मागितल्याने ग्राहक सावध होईल असे वाटत असेल, तर पाठपुरावा सोडून थेट अहवाल देता येतो. सद्‌भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कंपनीवर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे संरक्षण पीएमएलएच्या कलम १४ मध्ये आहे. त्यामुळे 'उगाच कोणाचे नाव गेले तर?' या भीतीने अहवाल दाबून ठेवण्याचे कारण नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. एसटीआर दिल्याने खाते कायद्याने गोठत नाही. गोठवण्याचा आदेश येतो तो पोलिसांकडून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली, किंवा ईडीकडून पीएमएलएच्या कलम १७(१ए) खाली. पोलिसांचे पत्र आले की त्यात काय मागितले आहे ते शब्दशः वाचा. कलम ९४ खाली माहिती मागितली असेल तर माहितीच द्यायची आहे. गोठवायचे असेल तर किती रक्कम तेही पाहा. वीस हजारांच्या तक्रारीसाठी वीस लाखांचे खाते बंद करून टाकले, की निरपराध माणूस महिनोन्‌महिने पोलिस ठाण्याच्या फेऱ्या मारतो. पत्र संदिग्ध असेल तर तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी विचारा.

ट्रॅव्हल रूलबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून थोडे सविस्तर. मनी लाँडरिंगविरुद्धचे जागतिक निकष ठरवणाऱ्या एफएटीएफने २०१९ मध्ये बँकांचा जुना नियम क्रिप्टोला लावला: नाणी एका मंचावरून दुसऱ्या मंचावर जातात तेव्हा पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळखही सोबत गेली पाहिजे. एफएटीएफ एक हजार डॉलर किंवा युरोची सूट-मर्यादा ठेवू देते. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत अशी सूट नाही, शंभर रुपयांच्या हस्तांतरणालाही नियम लागू आहे. पाठवणाऱ्याचे नाव, पॅनसारखा ओळख क्रमांक, वॉलेट पत्ता, निवासाचा पत्ता किंवा जन्मतारीख व जन्मस्थळ. घेणाऱ्याचे नाव आणि वॉलेट पत्ता. साखळीवरच्या व्यवहारात हे मावत नाही, म्हणून ते वेगळ्या सुरक्षित वाटेने, हस्तांतरणाच्या आधी किंवा सोबतच जावे लागते. यासाठी आयव्हीएमएस १०१ हा माहितीचा सामायिक साचा वापरतात.

अडचण अशी, की पत्ता पाहून तो कोणत्या मंचाचा हे कळत नाही. ग्राहकाला विचारावे लागते, आणि ग्राहक यादीतले पहिले नाव निवडून मोकळा होतो. मग तुमचा संदेश भलत्याच मंचाकडे जातो, ते 'हा पत्ता आमचा नाही' म्हणतात, किंवा उत्तरच देत नाहीत. ज्या देशांनी नियम अजून लागू केलेला नाही तिथले मंच तर गप्पच राहतात. याला एकच रास्त धोरण आहे: उत्तर येईपर्यंत विड्रॉवल अडवून ठेवा, किती तास अडवायचे आणि मग परत करायचे की पुढे सोडायचे हे रकमेनुसार आधी लिहून ठेवा, आणि ग्राहकाला विड्रॉवलच्या पडद्यावरच ते सांगा. एक्सआरपीसारख्या नाण्यांत पत्त्यासोबत टॅग, म्हणजे ग्राहक ओळखणारा क्रमांक, लागतो, तो सुटला की पैसे समोरच्या मंचाच्या सामायिक पत्त्यावर बेवारस पडतात. ट्रॅव्हल रूलचा संदेशही टॅगसकट पाठवा.

ग्राहक स्वतःच्या खासगी वॉलेटवर नाणी नेत असेल तर समोर कोणी मंचच नसतो. तेव्हा वॉलेट त्याचेच आहे हे सिद्ध करून घ्यावे. एक तर त्या वॉलेटच्या चावीने ठरावीक मजकुरावर डिजिटल सही करायला लावायची, नाही तर आपण सांगू तेवढी विचित्र छोटी रक्कम त्या पत्त्यावरून मागवायची. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. तो कोणाच्याही वॉलेटचा काढता येतो.

परदेशी मंचांचे काय, असे हमखास विचारले जाते. बंधन कामावर आहे, ऑफिसच्या पत्त्यावर नाही. भारतातल्या लोकांना सेवा देत असाल तर नोंदणी लागते. २८ डिसेंबर २०२३ रोजी एफआययूने बायनान्स, कुकॉइन, क्रॅकेन, बिटफिनेक्स यांच्यासह नऊ परदेशी मंचांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या आणि त्यांची संकेतस्थळे बंद करायला माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांची अॅप भारतातल्या अॅप स्टोअरवरून गेली. कुकॉइनने ३४.५ लाख रुपये दंड भरून नोंदणी केली, बायनान्सला जून २०२४ मध्ये १८.८२ कोटी, बायबिटला जानेवारी २०२५ मध्ये ९.२७ कोटी दंड झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी २५ मंचांना नोटिसा गेल्या. कलम १३ मध्ये दर चुकीला दंड १० हजार ते एक लाख एवढाच आहे, पण तो 'प्रत्येक चुकीला' आहे, हे या आकड्यांवरून लक्षात यावे. न पाठवलेला प्रत्येक अहवाल वेगळा मोजता येतो. आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते.

तरीही एक दुखणे उरते. टीडीएस आणि तोटा वळता करण्याची बंदी यांमुळे बरेच लोक नोंदणीकृत मंच सोडून अनोळखी माणसाशी थेट, पी२पी पद्धतीने, व्यवहार करतात. तिथे यूएसडीटी विकणाऱ्या साध्या माणसाच्या खात्यात जे रुपये येतात ते कधी कधी कोणा बळीचे असतात. मग सायबर पोलिसांच्या सूचनेवरून त्याचे बँक खाते गोठते आणि पैसे कुठून आले हे त्याला सांगता येत नाही. तुमच्या मंचावर पी२पी ठेवणारच असाल, तर रुपये देणाऱ्या बँक खात्याचे नाव आणि मंचावरच्या खातेदाराचे नाव जुळल्याशिवाय नाणी सोडू नका, आणि चॅटमध्ये 'पेमेंट माझ्या भावाच्या खात्यातून येईल' असे आले की व्यवहार तिथेच रद्द करा.

नोंदी किती काळ ठेवायच्या? व्यवहाराच्या, व्यवहारापासून पाच वर्षे. ओळखीच्या, खाते बंद झाल्यापासून पाच वर्षे. पण नुसते व्यवहार साठवून भागत नाही. तपासणीत जास्त विचारले जाते ते बंद केलेल्या अलर्टबद्दल: हा अलर्ट आला, तुम्ही एसटीआर दिला नाही, का? 'तपासले, ठीक' हे उत्तर चालत नाही. कोणी पाहिले, कधी पाहिले, कोणता कागद मागवला, त्यात काय दिसले, आणि त्या दिवशी विश्लेषण सॉफ्टवेअरने पत्त्याला कोणती खूण लावली होती त्याचे चित्र, एवढे प्रत्येक अलर्टखाली ठेवा. ती खूण पुढे बदलते, आणि दोन वर्षांनी तुमचा त्या दिवशीचा निर्णय ताडून पाहायला त्या चित्राशिवाय दुसरे काहीच नसते.